वन समिती वेगळी, वनहक्क वेगळा

गडचिरोली-चंद्रपूरकडे एखाद्या गावात ‘आमचं जंगल आमच्याकडे आहे’ असं कुणी सांगितलं, तर कुठल्या कागदानं, ते आधी विचारावं. संयुक्त वन व्यवस्थापन आणि सामूहिक वनहक्क ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन्हींत गाव आहे, समिती आहे, जंगल राखण्याची जबाबदारीही आहे. पण शिक्का कुणाचा आणि पैसा कुणाच्या खात्यात, इथं वाटा फुटतात.

संयुक्त वन व्यवस्थापनाचा आरंभ 1970च्या दशकात पश्चिम बंगालमधल्या आराबारीच्या सालवनात झाला. लोकांनी जंगल राखायचं, तोडीच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा त्यांना. केंद्राचं परिपत्रक 1 जून 1990चं, तेही उजाड झालेल्या वनांपुरतं. जंगल वन विभागाचंच राहतं, समितीचा सचिव खात्याचाच माणूस असतो आणि हिस्सा शासन निर्णयात लिहिलेला असतो. थोडक्यात, बटईची शेती. मालक भला असेल तर बरं चालतं, आणि काही गावांत खरोखर चाललंही. पण निर्णय बदलला की दाद कुणाकडे मागणार?

सामूहिक वनहक्क 2006च्या वनहक्क कायद्यातून येतो. तिथं सरकार हक्क देत नाही, आधीपासूनचा हक्क मान्य करतं. जमीन वनच राहते, ती विकता येत नाही. मात्र गौण वनोपज, म्हणजे बांबू, तेंदूपानांसारखा माल, गोळा करून विकण्याचा आणि जंगलाच्या कारभाराचा अधिकार ग्रामसभेचा.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं दोन्ही पाहिलं आहे. 1990च्या दशकात ते संयुक्त व्यवस्थापनात होतं. 2009मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूचं घोडं अडलं. नव्या कायद्यानं बांबू गौण वनोपजात घातला होता, पण 1927च्या वन कायद्याच्या हिशेबानं तो तेव्हा झाडच होता, म्हणून वाहतूक परवाना मिळेना. माल तोडला तरी गावाबाहेर न्यायचा कसा? अखेर 27 एप्रिल 2011ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हे पुस्तक सर्वांत मोलाचं. हक्काचा कागद भिंतीवर लावता येतो, ट्रक मात्र परवान्यावर निघतो.

पण पैसा हाती आला की गाव जंगल ओरबाडेल, ही शंका शहरात हमखास येते. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघा. 2012मध्ये हक्क मिळाल्यावर बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभाच करू लागली, गावातच मजुरी मिळू लागली. विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचं संकलन मात्र त्यांनी बंद केलं. मे महिन्याच्या तोंडावर कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, वणवे लावतात. त्यात जंगलाचं नुकसान होतं, असं गावानं ठरवलं. रोख पैशावर पाणी सोडणं सोपं नव्हतं. बांबूचं उत्पन्न हाताशी होतं म्हणून ते परवडलं, हेही तितकंच खरं. बटईदार असता, तर इतका लांबचा विचार त्यानं का करावा?

सामूहिक हक्काच्या वाटेवरही खड्डे आहेतच. तेंदूचा लिलाव ग्रामसभेनं करायचा म्हणजे ठेकेदारानं रक्कम थकवली तर वसुलीही तिनंच करायची. हिशेब लिहिणारा माणूस गावात नसेल, तर दलाल टपलेलेच असतात.

आणखी एक गफलत. सामूहिक हक्काच्या प्रत्येक दाखल्यात सगळंच येत नाही. काहींत फक्त निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर), चराई, वनोपज एवढंच असतं. ‘सामूहिक वनसंसाधनाचं संरक्षण व व्यवस्थापन’ हे शब्द दाखल्यात आहेत का, ते बघा. नसतील तर वनोपज तुमचं, पण जंगलाचा आराखडा अजून खात्याकडेच. त्यासाठी ग्रामसभेला वेगळा दावा दाखल करता येतो.