भावकीतलं तुटलेलं घर शोधताना: विदर्भातल्या जुन्या नोंदींची नक्कल कुठे आणि कशी मागायची

विदर्भातल्या कितीतरी घरांत ही गोष्ट ऐकू येते. पणजोबाचा धाकटा भाऊ छप्पन्याच्या (1899-1900 च्या) दुष्काळात गाव सोडून गेला, किंवा 1918 च्या मानमोडीच्या साथीत घरची माणसं गेली आणि उरलेला पोरगा मामाकडे राहिला, तो तिकडचाच झाला. आमच्या पणजोबाच्या भावाबद्दल घरचे कोणी म्हणत, तो तुमसरकडे मँगनीजच्या खाणीवर गेला. कोणी म्हणत, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये लागला. अशा घराचा माग काढायचा तर जुन्या नोंदींच्या नकला काढाव्या लागतात. त्या कशा काढायच्या ते सांगतो.

अर्ज लिहिण्याआधी आडनाव बाजूला ठेवा आणि गाव पकडा. जुनं रेकॉर्ड मौजावार, म्हणजे गावनिहाय बांधलेलं असतं आणि त्यात आडनाव बहुधा नसतंच. 'गणपत वल्द तुकाराम, कौम कुणबी, साकिन मौजा अमुक' एवढंच असतं. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणार. आडनाव शोधण्यात माझं वर्षभर गेलं. बापाचं नाव घेऊन बसलो तेव्हा आठ दिवसांत नोंद सापडली.

गावाचं नाव कळलं की ते कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होतं हे काढा. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून. त्याआधीचं रेकॉर्ड कधी नव्या ठिकाणी पोचलेलं असतं, कधी जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातच असतं. राजुऱ्याकडचा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता, म्हणून तिथले जुने कागद उर्दूत निघू शकतात. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, त्यामुळे खातेदाराचं नाव सरळ सापडतं. नागपूर-वर्धा-भंडारा-चांद्याकडे (चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर) मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. तिथे मालगुजाराच्या नावाखाली कुळांची नावं वाचावी लागतात.

कोणता कागद कुठे मिळतो? बंदोबस्ताची (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाची) मिसल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, आणि नकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात विचारा. मालगुजारी 1951 मध्ये गेल्यावर, 1954-55 च्या सुमारास अधिकार अभिलेख, म्हणजे कोणत्या जमिनीवर कोणाचा हक्क याच्या नोंदी, तयार झाले. पूर्व विदर्भातल्या माणसाने हा कागद आवर्जून काढावा, कारण प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याचं नाव त्यात येतं. फेरफार पंजी (जमिनीवरच्या नावबदलांची वही) आणि जुने सातबारे तहसीलमध्ये असतात. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांचे स्कॅन केलेले जुने उतारे महसूल विभागाच्या संकेतस्थळावरही मिळतात.

तुटलेलं घर सापडायला मात्र सगळ्यात मोलाचं कोतवाल बुक. कोतवाल म्हणजे गावकामगार. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्याआधी गावातला जन्म आणि मरण कोतवाल सांगत असे आणि ते या बुकात उतरत असे. पोर जन्मलं की बापाचं नाव, जात, गाव आणि तारीख लिहायचे. जमिनीच्या कागदात ज्याचं नाव कधीच आलं नाही, तो भूमिहीन भाऊसुद्धा इथे सापडतो. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, म्हणून नोंद सासरच्या गावात नसेल तर माहेरच्या गावाचं बुक मागा. माझ्या पणजोबाच्या भावाच्या लेकाची नोंद अशीच सापडली. त्यानंतर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळा सोडलेल्या मुलांची नोंदवही. 1962 मध्ये जिल्हा परिषदा झाल्या, त्याआधी इथल्या बऱ्याच शाळा जनपद सभेच्या, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या होत्या. आज त्यांची रजिस्टरं जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडे विचारा.

जमिनीच्या नोंदीची नक्कल कोणीही मागू शकतो, त्यासाठी वारस असण्याची अट नाही. दुय्यम निबंधकाकडच्या खरेदीखतांच्या सूचीचंही तसंच. तहसीलमधल्या कागदासाठी अर्ज तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर लिहा आणि त्यावर कोर्ट फी तिकीट लावा. मौजा, तालुका, पटवारी हलका (पटवाऱ्याच्या हद्दीचा) नंबर, बंदोबस्त नंबर माहीत असेल तर तो, शेताचा जुना खसरा किंवा सर्व्हे नंबर, हवं असलेलं साल आणि माणसाचं बापासह नाव लिहा. साल नक्की नसेल तर दहा वर्षांचा टप्पा द्या. नुसतं 'जुनं रेकॉर्ड द्यावे' असं लिहिलंत तर अर्ज परत येतो. सोबत आधारची प्रत, आजचा सातबारा आणि गट नंबर बदलला असेल तर एकत्रीकरणाचा (तुकडे जोडून गट केल्याचा) उतारा जोडा. जातवैधतेसाठी काढत असाल तर नातं बापाच्या बाजूचं दाखवावं लागतं. शपथपत्रावरची वंशावळ आणि शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

'रेकॉर्ड जीर्ण आहे', 'सापडत नाही' असं तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, पानामागे 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना अर्जाचं शुल्क नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही की पहिलं अपील. माझा सल्ला, प्रत मागण्याऐवजी रजिस्टर स्वतः पाहू द्या असं लिहा. शोधणाऱ्या कारकुनाला तुमच्या घरातली टोपणनावं माहीत नसतात, तुम्हाला असतात.

वाचताना काही शब्द ओळखता आले पाहिजेत. फौत म्हणजे मयत, बेवा म्हणजे विधवा. 'लावल्द फौत' म्हणजे मूलबाळ नसताना मेला. इथे थांबून बघा. परगावी गेलेल्या भावालाही मागे राहिलेल्यांनी कधीकधी लावल्द लिहवून घेतलं आहे, त्यामुळे या एका शब्दावर शोध सोडू नका. कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

माणूस बालाघाट, शिवनी किंवा सौंसर-पांढुर्णा भागात गेला असेल तर 1956 नंतरचा कागद मध्य प्रदेशात आहे. तिथे अर्ज हिंदीत करा आणि कलेक्टर कार्यालयात नकल शाखा विचारा. खूप जुने सरकारी कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात आहेत. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नावं मिळतात, गावात येणाऱ्या भाटाकडेही मिळतात. कार्यालयात त्यांना पुरावा म्हणून वजन कमी, पण पुढचं गाव कोणतं हे त्यातूनच कळतं.

घर सापडलं आणि शेतीत वारस नोंद करायची असेल तर मृत्यूचे दाखले, वारसांचं शपथपत्र आणि 8-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या पटवाऱ्याकडे अर्ज द्या. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला तरी अर्ज घेतात. पूर्वी लावल्द म्हणून मंजूर झालेला फेरफार मात्र पटवारी बदलू शकत नाही. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडे विलंब माफीच्या अर्जासह अपील करावं लागतं, आणि मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं.