बायपॅप मशीन भाड्याने नेण्याआधी

दुकानात येणारे बहुतेक जण “ऑक्सिजनचं मशीन द्या” म्हणतात आणि चिठ्ठीवर बायपॅप लिहिलेलं असतं. चूक त्यांची नाही. दोन्ही डबे, दोन्हींना नळी, दोन्ही विजेवर. काम मात्र वेगळं.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऑक्सिजनचं मशीन, खोलीतल्या हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन देतो, पण तो आत ओढायची मेहनत पेशंटचीच. बायपॅप श्वासाला रेटा देतं. पेशंटने श्वास घ्यायला सुरुवात केली की दाबाने हवा आत लोटतं, सोडताना दाब उतरवतं. चढावर गाडीला मागून हात लावावा, तसं. घशात नळी घालावी लागत नाही, सगळं मास्कवर होतं.

आमच्याकडचे निम्म्याहून जास्त पेशंट सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे. गावात त्याला सरसकट दमाच म्हणतात. पुरुषांच्या बाबतीत बहुधा विडी. बायकांनी विडी कधी ओढलेली नसते, पण पऱ्हाटीच्या चुलीपुढे चाळीस वर्षं बसलेल्या असतात. या आजारात हवा फुप्फुसात अडकून राहते, श्वासाचे स्नायू थकतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो.

इथेच घरच्यांची फसगत होते. रात्रभर धापा टाकणारे बाबा पहाटे शांत होतात, डोळे मिटतात. “झोप लागली, आता बरं आहे,” असं म्हणून सगळे आडवे होतात. ती झोप नसूही शकते. हाक मारल्यावर अर्धवट उत्तर, असंबद्ध बोलणं, गुंगी ही साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची लक्षणं असू शकतात. अशा वेळी ऑक्सिजनचा काटा आपल्या मनाने वाढवला तर गुंगी आणखी वाढू शकते. या आजारात डॉक्टर बहुधा रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्केच ठेवायला सांगतात. बोटावरचं मीटर ९० दाखवतं म्हणून घाबरू नका, आणि ते बरं दिसतं म्हणून गाफीलही राहू नका. त्या मीटरला कार्बन डायऑक्साइड कळत नाही.

म्हणून रात्री दोनला “मशीन पाठवा” असा फोन आला, तर आम्ही आधी १०८ लावायला सांगतो. भाडं बुडतं, बुडू दे. असा अटॅक हॉस्पिटलमध्येच हाताळायचा असतो. तिथे मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन पीएच (रक्तातली आम्लता; ती वाढली की आकडा उतरतो) आणि कार्बन डायऑक्साइड बघतात. सीओपीडीत पीएच ७.३५च्या खाली गेला आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला असला की बायपॅप लावतात, आणि एक-दोन तासांनी पुन्हा रक्त तपासतात. वेळेवर लावलं तर घशात नळी घालायची पाळी बऱ्याच जणांवर येत नाही आणि जीवही वाचतात. पण पेशंट बेशुद्ध असेल, सारखी उलटी होत असेल किंवा चेहऱ्याला मार असेल तर मास्क धोक्याचा.

घरासाठी मशीन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळेल. चिठ्ठीत श्वास घेतानाचा आणि सोडतानाचा, दोन्ही दाब लिहिलेले हवेत. आम्ही ते लावून लॉक करतो. शेजारच्या पेशंटचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

पहिली रात्र मास्कचीच असते. रावेरकडच्या एका आजींनी मास्क लावताच हात झटकला: “मना जीव घाबरस, हाई काढी टाक!” सुनेने पट्टे सोडले, मास्क नुसता हाताने धरला आणि शेजारी बसून राहिली. दहा मिनिटांनी आजींनीच पट्टे बांधू दिले. तुम्हीही तसंच करा. पट्टे करकचून आवळू नका, नाकाच्या दांड्यावर जखम होते. थोडी हवा गळली तरी चालते, डोळ्यांकडे मात्र जायला नको. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही.

लाईट गेली तर मास्क लगेच काढा. मशीन बंद पडल्यावर आपलीच सोडलेली हवा परत आत जाते. इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर ठेवा. वाफेच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरच्या पाण्याने पांढरा थर बसतो. उन्हाळ्यात धुळीने फिल्टर लवकर भरतो, आठवड्याला बघा. ऑक्सिजन जोडलेला असेल तर त्या खोलीत चूल, विडी, उदबत्ती काहीच नको.

मास्क आणि नळी आम्ही दुसऱ्याची वापरलेली देत नाही, ती विकतच घ्यावी लागते. मशीन परत आणताना भांड्यातलं पाणी ओतून आणा. ते वाटेत आत सांडलं तर दुरुस्ती तुमच्याकडे लागते.