‘सेट’, ‘रन’ आणि अर्थ मोजण्याचा घोळ

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, या प्रश्नाचं उत्तर कित्येक वर्षं ‘सेट’ असंच ठरलेलं होतं. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशातली ‘रन’ची नोंद नव्याने तयार झाली आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. त्या एका नोंदीत एका कोशकाराचे नऊ महिने गेले. मग ‘सेट’ची गादी गेल्याच्या बातम्या आल्या. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आजही दोन्ही उत्तरं छापलेली सापडतात.

‘सेट’वर यात थोडा अन्याय झाला आहे. त्याच्या नावावर लागलेला ४३० हा आकडा १९८९ च्या आवृत्तीतला. ती नोंद जवळपास साठ हजार शब्दांची आहे, पण तिचा गाभा पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. १९८९ मध्ये जुना मजकूर आणि मधल्या काळातल्या पुरवण्या एकत्र केल्या गेल्या, संपूर्ण नोंद नव्याने लिहिली गेली नाही. ‘रन’ची नोंद मात्र संगणकावर जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं धुंडाळता येऊ लागल्यावरची. म्हणजे एकाचं वजन जुन्या तराजूत केलं आणि दुसऱ्याचं नव्या काट्यावर. शिवाय कोशाची ही मोठी उजळणी ‘ए’पासून सुरू झालीच नाही. सुरुवातीच्या अक्षरांत पहिल्या संपादकांची घडी बसलेली नव्हती, म्हणून २००० साली ‘एम’पासून काम हाती घेतलं. त्यामुळे आधी ‘मेक’ सर्वांत लांब ठरला, मग ‘पुट’, मग ‘रन’. ‘एस’ची पाळी तोवर आलेलीच नव्हती.

मुळात अर्थ मोजायचा कसा, इथेच खरा गुंता आहे. विक्रमांच्या एका प्रसिद्ध पुस्तकात ‘सेट’चे नाम म्हणून ५८, क्रियापद म्हणून १२६ आणि विशेषणासारखे १० असे १९४ उपयोग दिले होते. इंटरनेटवर फिरणाऱ्या यादीत तेच ४६४ होतात, आणि तिथे ‘रन’ ३९६ वर दुसरा. शब्द तोच, आकडे तीन. नदी ‘रन’ होते, सर्दीत नाक ‘रन’ होतं, धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो. पातळ पदार्थ वाहणं हा एकच अर्थ मानायचा की तीन? एक संपादक एकाच क्रमांकाखाली सगळं घालेल, दुसरा अ, ब, क असे पोटभाग पाडेल. ‘रन आउट’, ‘रन डाउन’, ‘रन अप’ असे जोडप्रयोगही त्याच नोंदीच्या पोटात येतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला पुन्हा चार-पाच अर्थ. आपल्याकडे गाळ बसतो, आवाज बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो. याची मोजदाद करायला दोन मराठी कोशकार बसवले तर दोघांचा आकडा जुळणार नाही.

‘सेट’ची व्युत्पत्ती पाहिली तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. बसणे या क्रियेवरून आपण बसवणे करतो, तसाच जुन्या इंग्रजीत ‘सिट’चा प्रयोजक ‘सेट’. पण कपबशांचा सेट म्हणतो तेव्हा त्या नामात दुसरीकडून आलेला एक शब्द मिसळलेला आहे: लॅटिनमधला पंथ किंवा अनुयायी अशा अर्थाचा, फ्रेंचमार्गे आलेला. पुढे दोन्ही प्रवाह असे एकजीव झाले की कुठला अर्थ कुठून आला हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. मग हा एक शब्द की दोन? ‘रन’मध्येही ‘धावणे’ आणि ‘धावायला लावणे’ अशी दोन जुनी क्रियापदं मिसळली आहेत, पण त्याच्या बाबतीत हा मुद्दा फारसा कुणी काढत नाही.

‘सेट’ गादीवर बसण्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १७५५ मध्ये लंडनमध्ये जवळजवळ एकहाती रचल्या गेलेल्या कोशात मान ‘टेक’चा होता. त्याचे १३४ अर्थ दिले होते.

‘रन’च्या मुसंडीचं श्रेय यंत्रयुगाला दिलं जातं. आगगाड्या, गिरण्या, इंजिनं आणि शेवटी संगणकातले प्रोग्रॅम, सगळं ‘रन’ होऊ लागलं. ‘सेट’ पडला स्थिर स्वभावाचा. ऐकायला हे पटतं. पण ‘सेट’ही स्वस्थ बसला नव्हता. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून गणितातल्या संचापर्यंत, टेनिसच्या डावापासून सिनेमाच्या नेपथ्यापर्यंत आणि रेडिओ-टीव्हीच्या पेटीपर्यंत त्याने मजल मारली. बांधकामावरचा आपला गवंडीसुद्धा काँक्रीट ‘सेट झालं’ असंच म्हणतो. नव्या काट्यावर ‘सेट’ला चढवल्याशिवाय ६४५ समोर ४३० ठेवून निकाल देणं घाईचंच होतं.