पार्श्वभूमी : 'कोहिस्तानी'च्या रकान्यात तोरवाली

तोरवाली बोलली जाते ती पाकिस्तानातल्या स्वात नदीच्या वरच्या अंगाला, बहरीन आणि चैल या गावांच्या आसपास. सोळाव्या शतकात युसुफझाई पठाणांनी खालचे सपाट खोरे घेतले आणि तिथले जुने लोक डोंगराकडे सरकले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ब्रिटिश काळातल्या भाषा-पाहणीचे प्रमुख जॉर्ज ग्रिअर्सन यांनी या भागातल्या भाषांचा संबंध पैशाचीशी जोडून त्यांची वेगळी शाखा मानली होती. पैठणच्या गुणाढ्याची बृहत्कथा ज्या भाषेत होती असे परंपरा सांगते, तीच ही पैशाची. ते मत पुढे मागे पडले आणि तोरवाली भारतीय आर्य शाखेतलीच ठरली. ग्रिअर्सन यांनी १९२९ साली काढलेले तोरवालीवरचे पुस्तक मात्र अभ्यासक आजही उघडतात.

स्वात संस्थानाचा कारभार पश्तूत चाले. १९६९मध्ये संस्थान पाकिस्तानात विलीन झाले, तेव्हा शाळेत उर्दू आली आणि बाजारात पश्तू राहिली. तोरवालीसाठी उरले फक्त घर.

खरा गुंता आहे तो 'कोहिस्तानी' या नावाचा. कोहिस्तान म्हणजे डोंगराळ मुलूख. बाहेरच्यांनी तिथल्या सगळ्यांनाच कोहिस्तानी म्हटले आणि सरकारने तेच भाषेचे नाव धरले. बहरीनची तोरवाली, कालामची गावरी आणि सिंधूकाठची कोहिस्तानी या तिन्ही भाषा नात्यातल्या आहेत, पण एकीचा बोलणारा दुसरीत सहज संवाद साधू शकत नाही. गाठ पडली की बोलणे बहुधा पश्तूत किंवा उर्दूत होते. तरीही खैबर पख्तुनख्वा प्रांताने शाळांत शिकवायच्या भाषांच्या यादीत एकच 'कोहिस्तानी' ठेवली. २०१७च्या जनगणनेत तोरवाली 'इतर'मध्ये गेली. २०२३च्या जनगणनेत भाषांची यादी वाढली, कलाशासारख्या काही हजारांच्या भाषेलाही स्वतंत्र रकाना मिळाला. तोरवालीला मिळाला नाही, आणि हा अन्यायच आहे. जिचे बोलणारे लाखाच्या घरात असावेत, तिचा सरकारी आकडाच नसेल तर पाठ्यपुस्तक, शिक्षक, निधी मागायचा कशाच्या आधारावर?

मधल्या काळात स्थानिकांनी सरकारची वाट पाहिली नाही. अरबी-फारसी वळणाच्या लिपीत जादा अक्षरे घालून वर्णमाला ठरवली, २००८च्या सुमारास मातृभाषेतून शिकवणारे बालवर्ग सुरू केले. २००९च्या लष्करी कारवाईत स्वातमधली लाखो माणसे घरे सोडून गेली आणि २०१०च्या पुराने बहरीनचा बाजार व रस्ता उद्ध्वस्त केला. वर्ग त्यानंतरही चालू राहिले. आता त्यांची मागणी एवढीच आहे, की पुढच्या मोजणीत तोरवालीला स्वतःच्या नावाचा रकाना असावा.