आभाळातले ठिपके तुमचेच आहेत

‘निळ्या आभाळाकडे एकाग्रतेने बघा, प्राणशक्तीचे कण दिसतील’ अशा अर्थाचे व्हिडिओ अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत असतात. खाली ‘खरंच दिसले!’ म्हणणाऱ्यांची रांग लागलेली असते. ती माणसं खोटं बोलत नाहीत. ठिपके दिसतातच, मला दिसतात, तुम्हालाही बहुधा दिसतील. फक्त प्राणशक्तीचा तिथे काही संबंध नाही. जे दिसतं ते त्याहून भन्नाट आहे: तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, वाहत्या रक्तात, सूक्ष्मदर्शकाशिवाय.

आधी बघून तर घ्या. पाऊस ओसरल्यावर आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं होतं, तो दिवस उत्तम. सूर्याकडे पाठ करा (सूर्याच्या आसपाससुद्धा बघायचं नाही, हे पुन्हा सांगणार नाही). जिथे तारा, फांद्या, इमारती आड येत नाहीत अशा तुकड्यावर नजर सैल सोडा. थोड्या वेळात चकचकीत बारीक ठिपके दिसू लागतात. वळणं घेत सुळकन जातात आणि सेकंदभरात नाहीसे होतात. जरा धीर धरलात तर लक्षात येतं, की एक ठिपका ज्या वळणाने गेला त्याच वळणाने काही क्षणांनी दुसरा जातो. आता मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी ठिपके पुढे उसळी घेतात.

आपल्या डोळ्याची मांडणी जरा उलटीच आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलात (डोळ्याच्या आतल्या पडद्यात) मागच्या बाजूला आणि रक्ताच्या केशवाहिन्या त्यांच्या पुढे. म्हणजे जगाकडून येणारा बराचसा प्रकाश आपण आपल्याच रक्तातून गाळून घेतो. तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन ४१५ ते ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट निळा प्रकाश अधाशासारखा शोषतं. त्यामुळे तांबड्या पेशींनी भरलेल्या केशवाहिनीची बारीक सावली मागे पडते. पांढऱ्या पेशीत हिमोग्लोबिन नसतं. ती आली की तेवढ्या जागेतून निळा प्रकाश आरपार जातो आणि सावलीत एक उजळ फट पळताना दिसते. तोच ठिपका. रक्तात साधारण ७०० तांबड्या पेशींमागे एक पांढरी पेशी असते, म्हणून ठिपके मोजकेच दिसतात.

नीट बघणाऱ्याला ठिपक्यामागे काळसर शेपटीही दिसते. केशवाहिनी इतकी अरुंद असते की पांढऱ्या पेशीला अंग चोरून जावं लागतं. बोरघाटात लोडेड ट्रक चढताना पुढचा रस्ता मोकळा आणि मागे गाड्यांची रांग असते ना, तसंच तिच्यामागे तांबड्या पेशींचं होतं. ती रांग म्हणजे शेपटी. जर्मन नेत्रतज्ज्ञ रिचर्ड शेअरर यांनी १९२४ मध्ये या ठिपक्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव या प्रकाराला चिकटलं आहे.

पण केशवाहिन्यांची सावली तर चोवीस तास पडलेली असते. ती जाळी का दिसत नाही? मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्ये नोंदवलं होतं, की एका बिंदूवर नजर रोखून धरली तर कडेच्या गोष्टी हळूहळू पुसट होऊन नाहीशा होतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी कॉन्टॅक्ट लेन्सवर आरसा बसवून अशी सोय केली, की चित्र डोळ्याबरोबरच हलावं आणि दृष्टिपटलावरची त्याची जागा बदलूच नये. काही सेकंदांत चित्र विरून गेलं. दृष्टीची यंत्रणा मुख्यतः बदलाची खबर देते; जे स्थिर आहे ते ती वजा करून टाकते. एरवी जग आपल्याला दिसत राहतं, कारण नजर रोखली तरी डोळा बारीक थरथरत असतो. केशवाहिन्या मात्र डोळ्याबरोबरच थरथरतात. त्यांची सावली जागची हलत नाही, म्हणून ती कायमची वजा. पळणारी पांढरी पेशी या हिशेबात बसत नाही.

विश्वास बसत नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला टाचणीने भोक पाडा. ते डोळ्याला लावून निळ्या आभाळाकडे धरा आणि कागद भराभर गोल फिरवत राहा. प्रकाशाची दिशा बदलते, सावल्या सरकतात, आणि फांद्याफांद्यांची जाळी समोर उभी राहते. हात थांबवा, जाळी गुल. मधोमध एक मोकळी जागा दिसेल. दृष्टिपटलाच्या अगदी केंद्रात केशवाहिन्याच नाहीत. ठिपकेही तिथे फिरकत नाहीत.

हवेत गूढ शक्ती दिसल्याचे दावे जुनेच आहेत. थिऑसॉफी या गूढवादी पंथातल्या लेडबीटर यांना हवेत नाचणारे ‘चैतन्यकण’ दिसत. मनोविश्लेषक विल्हेल्म राइखने ‘ऑर्गोन’ नावाची विश्वशक्ती शोधल्याचा दावा करून ती साठवण्याच्या पेट्या काढल्या. कोर्टाची मनाई मोडली म्हणून तो तुरुंगात गेला आणि १९५७ मध्ये तिथेच वारला. आजचा प्राणशक्तीचा व्हिडिओ त्याच कुळातला.

समोरच्या क्षणाकडे नीट लक्ष द्या म्हणणाऱ्या माइंडफुलनेसवाल्यांशी माझं इतकं भांडण नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या वर्गांत एकच मनुका कितीतरी वेळ निरखून मग चावायला लावतात, आणि मनुका खरोखर निराळी लागते. पण दावे फुगतात. १९६६ मध्ये कासामात्सू आणि हिराई या जपानी संशोधकांनी लिहिलं, की झेन साधकांचा मेंदू पुन्हापुन्हा होणाऱ्या ‘टिक’ आवाजाला सरावत नाही, प्रत्येक वेळी तो नव्याने ऐकतो. हे अजून मोठ्या थाटात सांगितलं जातं. १९८१ मध्ये बेकर आणि शपिरो यांनी साधक आणि इतर माणसं यांची तुलना केली, तेव्हा सगळेच सारखे सरावले. हे कुणी सांगत नाही. भिंतीवरच्या बिंदूवर त्राटक करताना भोवतालचं विरघळतं, त्याचा अनुभवही मोठा सांगतात. ते ट्रॉक्सलरचंच आहे. साधना नसलेल्यालाही होतं. नजर गोठवली तर जग कमी दिसतं. निरखायचं तर काय हलतंय, काय बदलतंय ते शोधावं लागतं.

या ठिपक्यांचा दवाखान्यातही उपयोग झाला आहे. मोतीबिंदू दाट असला की डॉक्टरांना आत दृष्टिपटल दिसत नाही. मग निळा प्रकाश दाखवून पेशंटलाच विचारायचं, ठिपके पळताना दिसतात का? दिसले तर मागचं दृष्टिपटल बहुधा ठीक.

एक घोटाळा मात्र टाळा. डोळा फिरवला की मागोमाग तरंगत येणारे काळपट धागे, जाळ्या हा वेगळा प्रकार. ती डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवातल्या गुठळ्यांची सावली. वयानुसार त्या थोड्याफार असतातच. पण त्या एकाएकी वाढल्या, बरोबर विजा चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं, तर आभाळ बघत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. दृष्टिपटल सुटत असू शकतं.