वंचित कोणाला म्हणायचं?

'वंचित' हा शब्द आपण सर्रास 'गरीब'च्या जागी वापरतो. त्याच्या मुळाशी मात्र फसवणूक आहे. संस्कृत 'वञ्च्' धातूचा हा अर्थ 'प्रवंचना', 'आत्मवंचना' या शब्दांत अजून शाबूत आहे. शिवाय माणूस वंचित असतो तो कशापासून तरी: शाळेपासून, औषधापासून, पाण्यापासून. हे 'पासून' मला फार महत्त्वाचं वाटतं.

महाडचं चवदार तळं घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 मध्ये केला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. तळ्यात पाणी होतं, कागदावर हक्क होता, पैसेही मोजायचे नव्हते. तरी अस्पृश्यांना घागर बुडवता येत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तिथलं पाणी प्यायले, त्यानंतरही कोर्टकज्जे चालले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. अस्पृश्यांची मजुरी दुप्पट झाली असती, तरी या पाण्याच्या बाबतीत तिळमात्र फरक पडला नसता.

गरिबीच्या मोजमापाच्या शास्त्राला हे हळूहळू उमगलं. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज 2250 कॅलरी मिळवून देणारा खर्च म्हणजे दारिद्र्यरेषा, असं धरलं. त्या काळी ते मोठंच काम होतं. पण भुकेखेरीज बाकीचं त्यात कुठे दिसणार?

नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे 12 निकष तपासतो. समजा, एका घरात कुणाचीच सहा वर्षं शाळा झालेली नाही: वंचनेचा सहावा हिस्सा तिथेच भरला. चूल लाकडावर, शौचालय नाही, घर कच्चं, पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून जास्त: प्रत्येकी एकविसावा हिस्सा. बेरीज जवळपास 36 टक्के. मर्यादा 33.33 टक्क्यांची, म्हणून हे घर गरीब ठरतं. उद्या गॅस आला की बेरीज 31 वर येते आणि घर यादीतून बाहेर पडतं. शाळा, पाणी, घर सगळं जिथल्या तिथे.

या पद्धतीने देशातलं गरिबीचं प्रमाण 2015-16 मधल्या 24.85 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 14.96 टक्क्यांवर आलं. ही घट खरी आहे, मोलाची आहे. पण पाण्याच्या निकषात स्रोत कोणता आणि वेळ किती लागतो एवढंच पाहिलं जातं. जवळची विहीर कुणाची आणि तिथे पाणी भरू देतात का, हे निर्देशांकाच्या गुणांत कुठेच धरलेलं नाही. ते धरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.