गेमिंग पीसी जुळवताय? एसएमपीएस उरलेल्या पैशांत बसवू नका

दुकानात यादी घेऊन येणारी मुलं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम सगळं तोंडपाठ सांगतात. एसएमपीएसचं, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या सगळ्या भागांना पुरवणाऱ्या डब्याचं, नाव निघालं की म्हणतात, "उरलेल्या पैशांत बसेल तो द्या." हे पत्रक आम्ही त्या वाक्यासाठीच छापलं आहे.

मध्यंतरी एक पीसी दुरुस्तीला आला. साध्या कामाला दिवसभर नीट चालायचा, पण गेम लोड होत आला की झटक्यात बंद. घरच्यांना कार्डावर संशय होता. आम्ही एसएमपीएस बाहेर काढला, तर हातात अगदी हलका लागला. वर ठसठशीत अक्षरांत '५०० वॉट'. बाजूच्या लेबलवर मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले, आणि आजचा पीसी तिथून फारच थोडी वीज घेतो. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात. एसएमपीएस बदलला, कार्ड तेच ठेवलं. पीसी आजही चालू आहे.

म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, लेबल वाचा. चांगल्या ६५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे साधारण ५४ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद जिथे लागते तिथेच.

किती वॉटचा घ्यायचा?

आरटीएक्स ४०७० कार्ड २०० वॉट घेतं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साठेक धरा. बेरीज साडेतीनशे. तरीही आम्ही ६५० वॉटचा सांगतो, कारण कार्ड क्षणभरासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं आणि एसएमपीएसला तो झटका सोसावा लागतो. शिवाय निम्म्या भारावर तो थंड राहतो, पंख्याचा आवाजही कमी. पुढे मोठं कार्ड नक्की घ्यायचं असेल तर ८५० घ्या. हजार वॉटचा बहुतेकांना लागत नाही. मागितलात तरी आधी तुमच्याकडून कार्डाचं नाव विचारून घेऊ.

ब्राँझ की गोल्ड?

ब्राँझ आणि गोल्ड या एसएमपीएसवरच्या '८० प्लस' शिक्क्याच्या पायऱ्या. हा शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते ते सांगतो. रोज चार तास खेळलात तर ब्राँझऐवजी गोल्ड घेऊन महिन्याला तीन युनिटसुद्धा वाचत नाहीत. बिलासाठी गोल्ड घेऊ नका. गोल्डमध्ये बहुधा आतला मालही बरा असतो, पण ते शिक्क्यावरून ठरत नाही. आम्ही आधी वॉरंटीची वर्षं पाहतो, मग आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) १०५ अंश उष्णता सोसणारे आहेत का आणि जास्त व्होल्टेज, जास्त करंट, शॉर्ट सर्किट यांपासूनची संरक्षणं दिली आहेत का ते बघतो.

केबलची एक गोष्ट जीव तोडून सांगतो. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या केबल ठेवून नवा जोडू नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिनांची रचना मात्र वेगळी असू शकते. प्लग बसतो आणि हार्ड डिस्क जळू शकते. नव्या कार्डांचा १६ पिनी प्लग 'टक' होईपर्यंत दाबा आणि तोंडाशीच वाकवू नका. २०२२ साली आरटीएक्स ४०९०चे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यांतल्या अनेक ठिकाणी प्लग पूर्ण बसलेलाच नव्हता.

घरची वीज

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ही तक्रार जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून फार येते. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा अगदी थोडा करंट जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या बोटांत. एसएमपीएस बदलून हे थांबत नाही. आधी वायरमनला बोलवा आणि प्लगची वरची जाड पिन खरंच अर्थला जोडली आहे का ते तपासून घ्या. अर्थिंगशिवाय स्पाइक गार्डही अर्धंच काम करतो.

लाइट वारंवार जात असेल तर यूपीएस लागेल. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. वर हिशेब केलेला पीसी आणि मॉनिटर भर खेळात त्याला झेपणार नाहीत. हजार व्हीएच्या पुढचा घ्या, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा.

एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

नवा घ्यायचा की जुना चालेल, अशी शंका असेल तर जुन्याच्या लेबलचा स्पष्ट फोटो आणि कार्डाचं नाव घेऊन या. दोन मिनिटांत हिशेब करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.